मोजायच्या राहिलेल्या गाठी
फॉर्मालिनचा वास आला की मला धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. माझी एक सहकारी तिथे पीएच.डी. करत होती. किरणांनी उंदरांची अस्थिमज्जा मारून ती दुसऱ्या उंदराच्या मज्जेच्या पेशी त्यांना टोचायची. त्या पेशी प्लीहेत रुजत आणि एकेका पेशीची वाढून एकेक गाठ होई. गाठी मोजल्या की किती पेशी रुजल्या ते कळे. ठरल्या दिवशी ती उंदीर उघडणार, तोच प्राचार्य म्हणाले, "थांबा मॅडम, नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आपल्या संस्थेचे अध्यक्ष भाऊ येताहेत, त्यांच्यासमोर उघडा." "सर, तोवर गाठी एकमेकींत मिसळतील, मोजता येणार नाहीत. माझी फेलोशिप संपतेय, पुन्हा करता यायचं नाही." "मोठ्या होतील ना? बरंच आहे, भाऊंना बारीक दिसत नाही." भाऊंनी तारीख पुढे ढकलली. अखेर ते गळ्यातल्या हारासकट आत आले आणि तिने उंदीर उघडला, तेव्हा बशीत काढलेली प्लीहा सलग फुगलेली होती, एकही गाठ वेगळी दिसत नव्हती. "हाई ते बठ्ठं एकच शे! यामाईन काय निंघनं, ताई?" भाऊंनी अहिराणीत विचारलं. "काही नाही, भाऊ." प्राचार्य हसून म्हणाले, "फार नम्र आहेत आमच्या मॅडम," आणि टाळ्या पडल्या, फोटो निघाला. तो फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात अजून छापतात. खाली तिच्या नावाआधी 'डॉ.' असतं, ती ते कधीच झाली नाही.