खिडकीतलं हत्तीगवत

गवत कापलं की संपतं, असं रिटायर होईपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

मरोळच्या कारखान्यात मी उभा जन्म काढला. ऊन यायच्या आत घर सोडायचं, दिवे लागल्यावर परतायचं. चारकोपच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात, दोन बिल्डिंगांच्या फटीतून, सकाळी थोडा वेळ ऊन येतं हे मला रिटायर झाल्यावर कळलं! त्या उन्हात खुर्ची, चहा, पेपर आणि पाठीला शेक. बस्स! मला आयुष्यात आणखी काही नको होतं. (इथेच चुकलं. असं मनात आणायचं नसतं.)

आमच्या हिला रोज गाईला घास घालायचा असतो. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडचं गवत हिला सुकलेलं वाटायचं. ती तक्रार फोनवरून भावापर्यंत गेली. हा माझा मेव्हणा वसंता, कुडाळजवळ गुरं पाळतो. पुढच्याच खेपेला तो हत्तीगवताच्या कांड्यांची मोळी घेऊन दारात हजर!

"भावोजी, उसासारखे दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करूचे, मातीत आडवे पुरूचे, पाणी घालूचा. एकदा लावल्यात काय वर्सानुवर्सां बघूक नको!"

"वाढतं किती रे?"

"हत्तीगवत म्हणतत तेका, भावोजी."

मोकळी माती होती ती नेमकी माझ्या खिडकीखाली. श्रावणात गवत गजांना लागलं. गणपतीत ते वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंच्या बाल्कनीत डोकावलं आणि आमच्याकडे भर सकाळी ट्यूबलाइट लागली.

"अगं, मला पेपर दिसत नाही!"

"मोबाइलवर वाचा ना! गाय बघा कशी खूश आहे!"

गाय खूश होतीच. तिची पाठ तुकतुकीत झाली, माझी आखडली. एक दिवस वैतागून मी सगळं बुडापासून कापलं. पंधरवड्यात एका बुडाला दहा फुटवे! मी वसंताला फोन लावला.

"अरे, हे परत आलं!"

"कापल्यार फुटतलाच, भावोजी! तेच्यासाठीच तर लावतत!"

मग ही मुलुंडला बहिणीकडे गेली तेव्हा मी पहार आणली आणि घामाघूम होऊन एकूण एक ठोंब मुळासकट उपटला. आता एवढं गवत टाकायचं कुठे? आमच्या सोसायटीत ओला कचरा मागच्या खताच्या खड्ड्यात टाकतात, तोही बारीक करून. नाहीतर चेअरमन सामंत भर जिन्यात भाषण देतात. मी कोयता घेऊन बसलो आणि त्या कांड्यांचे शिस्तीत दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले. (हाताला सवय! वसंताने शिकवलं होतं ना!) ते खड्ड्यात आडवे पसरले, वर माती लोटली. धूळ उडू नये म्हणून बादलीभर पाणीसुद्धा ओतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत ऊन आलं. खरं सांगतो, मला भरून आलं.

सामंतांना त्या खताचा कोण अभिमान! ते अर्धंकच्चं असतानाच त्यांनी दिवाळीची भेट म्हणून प्रत्येक घरी पिशवी पोचवली. उरलेलं बागेत पसरलं. मग एके दिवशी बेल वाजली. कुलकर्णीकाकू कुंडी घेऊन उभ्या.

"माझ्या मोगऱ्यात हे काय आलंय? तुमच्या खिडकीत होतं तसलंच दिसतंय!"

"छे हो, काकू, असेल काहीतरी रानटी."

तेवढ्यात मागून सामंत ओरडत आले, "अहो, माझ्या गुलाबाला ऊस आलाय!"

संध्याकाळपर्यंत कळलं, घरोघरी तेच. पुढे बागेत तर घसरगुंडी दिसेना, पोरं आत गेली की फक्त आवाज ऐकू यायचा. वाट लागली, यार!

मीटिंग बोलावली गेली. मी हात जोडून म्हणालो, "चूक माझी. सगळं उपटून टाकतो."

"उपटायचं?" सगळ्या बायका एकदम उसळल्या. "गाईच्या तोंडचा घास काढायचा?" (या मोर्चाचं नेतृत्व कोण करत होतं? आमची ही!) घरच्या कुंडीतलं ताजं गवत गाईला घालायची गोडी एव्हाना सगळ्यांना लागली होती.

"ठीक आहे, ठेवू," सामंत म्हणाले. "पण वेळच्या वेळी कापणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही आशेने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

तेव्हापासून मी कोयता घेऊन विंगा फिरतो. ए विंग कापून बी विंगला पोचतो तोवर ए विंग पुन्हा फुटलेली असते. माणसाने दमायचं तरी किती हो! जेवायला घरी येतो तेव्हा ही कौतुकाने सांगते, "आज काय सुंदर ऊन आलं होतं खिडकीत! तुमच्या खुर्चीत बसून मी अख्खा पेपर वाचला!"

येत असेल. मी ते यायच्या आत घर सोडतो!