फक्कीने आखलेलं जहाज

ज्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेने येतं, त्या शहरातल्या माणसाने युरोपातल्या नदीवर फिरायला जाताना जहाजातली कोणती खोली घ्यावी, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? नाही ना? मग आमच्या घरमालक काकांना हसू नका. पाण्याचा इतका विचार केलेला आणि पाणी इतकं कमी पाहिलेला दुसरा माणूस या पृथ्वीवर नाही, हे मी कोणत्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे.

मी नांदेडहून लातूरला आलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो, तेव्हा काका कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले होते. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास ते नोकरीला लागले. नव्या जिल्ह्यात नवा कलेक्टर आला, नव्या पाट्या आल्या आणि रेणापूरच्या पलीकडच्या माळावरून एक नवा कालवाही आला. त्यात पाणी तेवढं आलं नाही. पण काकांनी सगळी नोकरी तो कालवा तुडुंब वाहतो आहे अशाच थाटात केली. 'बुडून मराल' म्हणत ते शेळ्यांना काठावरून हुसकत. एकदा एका लग्नघरच्या माणसांनी पुलाखालची गार सावली बघून जेवणाची पंगत कालव्यातच बसवली, तर काकांनी भर पंगतीत जाऊन शिट्टी फुंकली. "उठा, उठा! पाणी कवा सुटंल सांगता येत न्हाई!" त्यावर वरमाय म्हणाली, "सुटू द्या की हो साहेब, तसंबी वरण कमीच पडलंय." काका शेवटी जेवले, पण काठावर बसून. नियम म्हणजे नियम.

त्यांची लेक जर्मनीत असते. त्या दुष्काळी उन्हाळ्यात तिने फोन करून सांगितलं की आईबाबांना ती तिकडच्या नदीवर जहाजातून फिरवणार आहे. खोली कोणती हवी एवढं फक्त रविवारपर्यंत कळवा. खोल्या तीन तऱ्हेच्या होत्या. एक तळमजल्यावरची, तिची न उघडणारी खिडकी थेट पाण्याला टेकलेली. दुसरी मधली, सरकत्या काचेची. तिसरी वरची, बाल्कनीवाली. इकडे काकूंचे गुडघे टँकरच्या रांगेत उभं राहून राहून कामातून गेले होते. डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्यानंतर बरेच महिने लांबचा प्रवास बंद. म्हणजे जायचं तर आत्ताच. काकूंनी फक्त दोन साड्या इस्त्रीला दिल्या, आणि त्या परत आल्यावर कपाटात न ठेवता बाजेच्या उशाशी ठेवल्या.

काकांनी लेकीला पहिलाच प्रश्न विचारला, "जहाजात पाणी किती दिवसाआड सोडतेत?"

"बाबा, चोवीस तास असतं."

"तसं सगळेच म्हणतेत. वरच्या मजल्याला प्रेशर राहतंय का, ते इचार."

लातुरात त्या वर्षी वरच्या मजल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. पाणी चढतच नव्हतं, राहणार कोण? मग युरोपात जाऊन शहाणा माणूस बाल्कनी कशाला घेईल? काकांचं तळमजल्यावर एकमत झालं. ते सकाळपर्यंत टिकलं. सकाळी त्यांच्या मनात पुराचा विचार आला. पूर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याची भीती फार मोठी होती. दुपारपर्यंत ते बाल्कनीत पोचले. संध्याकाळी त्यांना वाटलं की बाल्कनीत बसलो आणि नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं तर कळणार कसं? म्हणून ते मधल्या मजल्यावर उतरले. तोवर लेकीचा निरोप आला की मधल्या खोल्या भराभर चालल्या आहेत. काकू ऐकत होत्या आणि भाकरी थापत होत्या. त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापल्या गेल्या.

मी तेव्हा पाणी मोर्चाचं पत्रक लिहीत होतो. आमच्या घरात मुलांनी बाराखडीसुद्धा पत्रकांवरूनच गिरवली, त्यामुळे रागावणं मला चांगलं जमतं. मी तडक पुढच्या दारी गेलो आणि म्हणालो, "काका, इथं माणसं एका घागरीसाठी एकमेकांच्या जिवावर उठायलेत आणि तुम्ही बाल्कनी निवडायलाव? तहानलेल्या जनतेच्या डोळ्यांदेखत ही चैन..."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खरंय तुझं. पत्रकात घाल. वाक्य जरा तोड, लई लांब व्हायलंय. बरं, ह्या टेपचं टोक धर."

मी धरलं.

कागदावरचा नकाशा काकांना मान्य नव्हता. जन्मभर त्यांनी जमिनीवर आखणी केली होती. त्यांनी घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून तिन्ही खोल्या शेजारी शेजारी, खऱ्या मापाच्या, आखल्या. पलंग, संडास, खिडकी, बाहेर जिना. मग ते प्रत्येक खोलीत जाऊन आडवे पडले आणि आभाळाकडे बघून विचार करू लागले. गल्ली जमली. पलीकडचे फरशीवाले शेजारी हाताची घडी घालून म्हणाले, "मधल्या खोलीत संडास ईशान्येला येतोय. वास्तूला चालत न्हाई."

"वास्तू हे निव्वळ थोतांड आहे!" मी कडाडलो. "आणि जहाज वळलं की तुमची ईशान्य नैर्ऋत्य होणार!"

शेजाऱ्यांनी मान वाकडी करून आखणी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "मग वळल्यावरच जायचं."

रविवार उजाडला, दुपार झाली, तरी काका अजून ठरवतच होते. तेवढ्यात टँकर आला. गल्लीत दुसरी मोकळी जागा नसल्यामुळे तो थेट बाल्कनीवाल्या खोलीत शिरून पलंगावर उभा राहिला. घागरी, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम यांची रांग मधल्या खोलीतून वळत गेली. काका धावत आले. "अहो, केबिनमधून रांग लावू नका! तिकडं जिना हाय, जिन्यानं या!"

"जिना कुठाय काका?"

"त्या आडव्या रेघा काय मग?"

आणि खरं सांगतो, बायका घागरी घेऊन त्या रेघांवरून पाय उचलून उचलून आल्या. त्यातच लेकीचा फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, दोनच खोल्या उरल्यात, एक खालची आणि एक वरची. आत्ता सांगा, नाहीतर राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकून रांगेतल्या काकू थबकल्या. त्यांनी आपली जागा सोडली. टँकरच्या रांगेत आपली जागा कोणी सोडत नाही, म्हणून सगळे बघायला लागले. काकू गुडघ्यावर हात ठेवत खालच्या खोलीत गेल्या, रिकामी बादली पालथी घातली आणि फक्कीच्या खिडकीशी बसल्या.

"अगं, ती खिडकी उघडत न्हाई," काका म्हणाले.

"न्हाई उघडली तर न्हाई. कोणती पाहिजे म्हणून मला कुणी इचारलंय का अजून?"

आमच्या सगळ्या चर्चेत प्रेशर होतं, पूर होता, वास्तू होती. काकू नव्हत्या.

"जल्मभर मीच पाण्याकडं चालत गेले," त्या म्हणाल्या. "आता चार दिस त्यानं येऊन माझ्या खिडकीला टेकावं."

काकांनी फोन तोंडाशी धरला आणि म्हणाले, "खालची." मग मान राहावा म्हणून जोडलं, "प्रेशरबी तिथंच चांगलं राहतंय."

ते गेले. पहिल्या सकाळी जहाजावरचा माणूस खोली झाडायला आला, तर आतला प्रत्येक पेला, चहाची किटली, फुलदाणी, कचऱ्याचा डबा काठोकाठ भरलेला. आंघोळीची प्लास्टिकची टोपीसुद्धा पाणी भरून खुंटीला अडकवलेली. रात्री नळाला पाणी दिसल्यावर काकांनी हाताला लागेल ते भरून ठेवलं होतं. त्याने ते सगळं ओतलं, काकांनी रात्री पुन्हा भरलं. शेवटी त्या माणसाने हात टेकले आणि कुठूनतरी एक बादली आणून दिली. लेक हे फोनवर हसत हसत सांगत होती.

काकू व्हिडिओ कॉल करायच्या तेव्हा फोन काचेकडे फिरवून ठेवायच्या. हिरवट पाणी नुसतं चाललेलं असायचं. आम्ही रांगेत उभे राहून ते पाहायचो. "काकू, एवढं कुठं चाललंय हो ते?" कोणीतरी विचारलं. काकूंचा आवाज आला, "काय माहीत बाई. पण थांबंना बघ."

आता काकूंचं ऑपरेशन झालं आहे. त्या काठी घेऊन दारापर्यंत जातात. काका हल्ली प्रत्येक गोष्ट त्यांना विचारतात, फक्त उत्तराला थांबायचं विसरतात. तर वाचकहो, माझी एक मागणी आहे. आज घरी गेलात की स्वयंपाकघरात जा आणि तिथं जी कोणी उभी असेल तिला विचारा, तुला कुठं बसायचंय? उत्तर लगेच येणार नाही. "तुमचं ठरलं की सांगा," असंही येईल. तरी हलू नका. तिचं उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहा.