लॉर्डसाहेबांची शाकारणी

जुम्म्याची नमाज आटोपून घरी आलो होतो. माझी बायको सकीना ताटं वाढत होती, तेवढ्यात इंग्लंडहून लॉर्डसाहेबांच्या मुलीचा, हेलनचा फोन आला. वडील पहाटे झोपेतच गेले, म्हणाली. 'इन्ना लिल्लाही...' एवढं तोंडातून निघालं. ताट तसंच राहिलं.

सौदीत, अल-खोबरमध्ये आम्ही सगळे त्यांना लॉर्डसाहेबच म्हणायचो. बापजाद्यांची जमीनदारी, उमेदीच्या काळात मंत्रिपद, आणि उतारवयात हा माणूस तिथून जवळच्या हुफूफमधल्या एका जुन्या मातीच्या शाळेच्या दुरुस्तीवर सल्लागार म्हणून आला. मी तिथला साइट इंजिनीअर. मला वाटलं, साहेब एसीत बसून सह्या ठोकणार. ते पहिल्याच दिवशी पँट दुमडून चिखलात उतरले. गिलाव्याचा गोळा नाकाशी नेऊन हुंगायचे, आतला पेंढा मुरला की नाही ते वासावरून कळतं म्हणायचे. हट्टी तर असे, की न पटलेली भिंत पाडून घेताना 'यल्ला', म्हणजे चला, आणि 'खलास' एवढं अरबी त्यांना पुरायचं. भांडणं पुष्कळ झाली आमची, पण दर शुक्रवारी जेवायला ते आमच्याकडेच असत.

त्यांचा जीव मात्र इंग्लंडातल्या आपल्या गावच्या चर्चमध्ये अडकलेला. पणजोबांनी बांधलेलं, यांनी शेतं विकून पुन्हा उभं केलेलं. किल्ली कायम यांच्या कोटाच्या खिशात, अगदी सौदीतसुद्धा. हेलनकडे दुसरी असायची म्हणा. एकदा भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाताना ते म्हणाले, "छप्पर मी करून दिलंय. पण मी गेल्यावर ते गळायला लागलं, की कुलूपच लागेल." एरवी खणखणीत बोलणाऱ्या माणसाचा आवाज पडला होता.

मी सकीनाला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "एकट्यानं कधी घर शाकारून होतं काय? सांगा की त्यांना, आपल्याकडे कौलं चाळायला अख्खा मोहल्ला येतो ते."

मग मी सांगितलं. पावसाआधी कौलं उतरायची, फुटकी बदलायची, हातोहात पुन्हा वर द्यायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून भाकरी नि जवळा खायचा. ज्याचा हात छपराला लागलेला असतो, तो भर पावसात येऊन विचारतो, 'गळत नाही ना?' लॉर्डसाहेब म्हणाले, "मी कुणाला हातच लावू दिला नाही."

ते परत जाताना मी रत्नागिरीच्या घरचं एक नळीचं कौल त्यांना दिलं. कोटात गुंडाळून नेलं त्यांनी. त्या शरदातच त्यांनी गावाला शिड्या घेऊन बोलावलं. पहिल्या वर्षी हेलन आणि पाद्रीबाबा, दोघंच आले. पण साहेब कसले ऐकतात! दरवर्षी बोलावत राहिले, शिडीचा पाय धरून स्वतः उभे राहिले, शेवटी सगळ्यांना सूप पाजत राहिले.

गेल्या आठवड्यात त्यांच्यामागची पहिली शाकारणी झाली. कुणी येईल का, म्हणून हेलन धास्तावली होती. मीही दिवसभर फोन जवळ ठेवून होतो. संध्याकाळी तिचा फोटो आला. फाटकापासून छपरापर्यंत माणसांची रांग, हातोहात छपराच्या दगडी पाट्या वर चाललेल्या. यातली निम्मी माणसं प्रार्थनेला कधी येत नाहीत, तिनं लिहिलं होतं. मला फार आनंद झाला, आणि रडूही आलं.

दुसरा फोटो चर्चच्या दाराचा होता. बाजूच्या कोनाड्यात आमचं कौल पालथं ठेवलेलं. किल्ली आता त्याच्याखाली असते, ज्याला हवी त्यानं घ्यावी, असं हेलननं खाली लिहिलं होतं.

सकीनानं फोटो मोठा करून नीट पाहिला. "आपल्याच घरचं," म्हणाली, आणि ताटं वाढायला घेतली.