चोरीचा आळ आणि हिरवा ग्लास

साठीच्या बाईवर खाण्याच्या चोरीचा आळ यावा, तोही दवाखान्यातल्या बाकड्यावर, चार अनोळखी माणसांसमोर, आणि घालणारा कोण, तर स्वतःचा नवरा! अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

झालं असं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डावा त्याच वाटेवर होता. सुई ओवता येईना, तांदळातला खडा दिसेना, दारात आलेलं माणूस आवाजावरून ओळखायचं. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करू, पण एवढ्या शुगरवर मी डोळ्याला हात लावणार नाही. दीड महिन्यात ती खाली आणा." शुगर मला दहा वर्षांपासून आहे आणि गोळी मी एक दिवस चुकवलेली नाही.

पुण्याच्या लेकीनं लगेच मोबाईलवर उपाय धाडला. सुपरफूड स्मूदी. पालक, केळं, खजूर, ओट्स, चियाचं बी, सगळं मिक्सरला फिरवायचं आणि रोज सकाळी उपाशीपोटी प्यायचं. "आई, यात साखर अजिबात नाही." माझा नवरा मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, जन्मात कधी घरात चहा केला नव्हता. पण लेकीचा हुकूम म्हटल्यावर गडी सकाळी सहाला मिक्सरपाशी हजर. "घे, एका दमात," म्हणून ग्लास हातात द्यायचा. खोटं कशाला बोलू, गोड लागायचं, आवडायचं. नवरा आपल्यासाठी मिक्सर फिरवतोय याचं अप्रूपही होतंच.

दीड महिन्यानं गेलो. शुगर खाली येणं राहिलं बाजूला, होती त्याच्याही वर गेलेली. ऑपरेशन पुढं ढकललं. बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो आणि ह्यांचा परेडच्या मैदानातला आवाज सुटला. "ही चोरून खातीया! मी रोज माझ्या हातानं औषध पाजतोय, आन् ही माझ्या माघारी डबं उघडतीया!" मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते, पण सगळी माझ्याकडं बघतायत एवढं कळत होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर लाडवाचा डबा कपाटात गेला आणि किल्ली ह्यांच्या कमरेच्या करगोट्याला. फोनवर लेक म्हणाली, "आई, थोडंसं तरी खाल्लं असशील ना?" सत्तावीस वर्षं मी अंगणवाडीत लोकांच्या लेकरांना मोजून खाऊ वाटला. त्यातला एक शेंगदाणा कधी तोंडात टाकला नाही. आणि मी चोर? त्या दिवशी मी जेवलेच नाही, नुसती धुमसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना हाक मारली. "आवं, ते शुगरचं मशीन घ्या आन् हितं बसा. मला आकडा दिसत न्हाई. तुमीच वाचायचा, मोठ्यानं."

ग्लासाच्या आधी आकडा आला एकशे अडुसष्ट. ग्लास प्याले आणि त्यांच्या समोर खुर्चीत बसून राहिले. दोन तासांनी पुन्हा बोट टोचलं. मशीन दोनदा आपटल्याचा आवाज आला.

"वाचा की."

"मशीन बिघाडलंय."

"दुसरी पट्टी लावा."

"...तीनशे बारा."

"आता सांगा, ह्या दोन तासांत मी कुठला डबा उघाडला?"

एवढ्यावर सोडणारी मी नव्हे. पुढच्या दिवशी सांगितलं, ग्लास माझ्यासमोर करायचा आणि काय घालताय ते बोलून दाखवायचं. "केळं. खजूर. पालक. ओट्स. चिया," असं हजेरी घेतल्यासारखं झालं. मग बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, पण नाव आलं नाही.

"हे काय घातलं?"

"काय न्हाई."

"मला दिसत न्हाई, ऐकू येतंय."

"काकवी. दोन पळ्या. लय मिळमिळीत लागतं गं ते. आपल्याच उसाची हाय, आपल्या गुऱ्हाळातली. ती काय साखर हाय व्हय?"

आमच्या ह्या नदीकाठी काकवीला कुणी साखर म्हणतच नाही. उसाचा रस आटवूनच करतात, पण साखर ती कारखान्याची, काकवी घरची. त्यांनी मायेनंच घातली, कळतंय मला. म्हणून राग गेला का? मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी काकवी काढून बघितलं, तरी आकडा दोनशे चाळीसला गेलाच. केळं-खजूर वाटून घटाघटा प्यायल्यावर दुसरं काय होणार?

मिक्सर माळ्यावर टाकला. माझं माहेर आटपाडीचं, कोरडवाहू. तिथली पद्धत काढली. सकाळी हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, मीठ-लसूण घातलेली, एक वाटी. जेवायला एकच भाकरी, मटकीची उसळ, कच्ची मेथी चावून. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दिल्या तशाच. माडग्यात जादू नाही, तेही मी मशीन लावूनच प्याले. लेक म्हणाली, "आई, हुलगा पण सुपरफूडच आहे की!" मी म्हटलं, "हुलगा आहे, हुलगाच राहू दे." रोज सकाळी हे आकडा वाचायचे, आणि रोज त्यांचा आवाज थोडा थोडा खाली यायचा.

शुगर बसली. ऑपरेशनचा दिवस आला. तेच बाकडं. आतून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही.

"चल की, बोलावलं."

"जिथं बोललासा तिथंच माघारी घ्या."

"ह्या सगळ्यांम्होरं?"

"आळ सगळ्यांम्होरंच घातला व्हता."

नर्सनं पुन्हा नाव पुकारलं. मी ढिम्म. मग हे उठले, सावधानमध्ये उभे राहिले. "हिनं चोरून कायबी खाल्लं न्हवतं. मीच पाजत व्हतो."

बाकड्यावरची माणसं वेगळीच, त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नाही. एक म्हातारी म्हणाली, "काय पाजत व्हतासा वं?"

"काकवी," हे म्हणाले.

मी हात पुढं केला. सगळ्यांदेखत शर्ट वर करून त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. ती मुठीत धरूनच मी आत गेले.