सविताबेनच्या वाकड्या वड्या

सविताबेन माणसाचं नाव नंतर विचारत, आधी पोटरी दाबून बघत. आम्ही समा भागातल्या सोसायटीत राहायला गेलो त्याच दिवशी त्यांनी माझ्या अंजूला आपल्या दारापुढच्या ओट्यावर उभं केलं, वाकून पोटरी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "ही पोरगी धावणार." अंजू तेव्हा सातवीत होती. मी टेम्पोतून भांडी उतरवून घेत होते. माझ्या मुलीबद्दल मला ठाऊक नसलेली गोष्ट शेजारणीला दोन मिनिटांत कळली, हे मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

बाई मराठीच, पण जन्म डभोईचा, म्हणून बोलण्यात निम्मं गुजराती. सासरे तालमीतले. त्यांच्या पैलवानांचा खुराक करता करता त्या शिकल्या. थंडी पडली की मुसळीपाक सुरू व्हायचा: सफेद मुसळी, अश्वगंधा, गोखरू, कवचबीज आणि भरपूर तूप. पोलीस भरतीची पोरं, क्रिकेटवाले, गुडघे धरून चालणारे आजोबा, सगळे त्यांच्या ओट्यावर. कुणी विचारलं, "मावशी, यानं ताकद येईल ना?" तर म्हणत, "पाक नाही धावत बेटा. धावायचं तुलाच आहे." उशिरा झोपणाऱ्याला त्या वडी देत नसत. "पहिली झोप सुधार, पछी डबा आण."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील रेल्वेच्या यार्डात खलाशी, आई अंगठा उठवणारी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. घरीही मी मोजूनमापून रांधायची. अंजूच्या ताटात मोड आलेले मूग, अंडं, दूध, सगळं ठरलेलं. ती निमूट खायची आणि उठून सविताबेनकडे पळायची. तिकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. आमच्या घरात ती तशी हसत नव्हती. शाळेत पंधराशे मीटरमध्ये पहिली आली तेव्हा कप घेऊन आधी कुठे गेली असेल? मी दारात उभी होते. माझ्या समोरून गेली.

"मीनाबेन, तुमची पोरगी सोनं आहे," सविताबेन म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

अंजू नववीत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. सविताबेनांनी आठवडाभर आधी पाकाचा डबा दिला. तेव्हा मी जे केलं, ते कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बाजारातून तीच मुळं, त्याच बिया आणल्या. प्रमाण मला गॅलरीतून बघून पाठ झालं होतं. सविताबेन कवचाच्या बिया दुधात उकळून, ओट्यावर बसून एकेकीची साल सोलत. दोन दुपारी त्यातच जात. मला ड्यूटी होती. डाळीची साल पौष्टिक असते, मग हिचीच का नसावी, असा विचार करून मी कच्च्या बिया सालीसकट मिक्सरमधून काढल्या. पाक थापला, पट्टी लावून चौकोनी वड्या पाडल्या आणि सविताबेनांच्या डब्यातल्या वड्या काढून त्यात माझ्या भरल्या. अंजू जिंकली की सांगणार होते, हा माझा पाक होता.

शर्यतीच्या सकाळी अंजूनं दोन वड्या खाल्ल्या. दुसऱ्या फेरीत ती पोट धरून मैदानाच्या कडेला बसली आणि ओकली. बाकीच्या मुली तिच्या शेजारून धावत गेल्या.

संध्याकाळी सविताबेन बघायला आल्या. अंजू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. डबा टेबलावरच होता. त्यांनी एक वडी मोडली, वास घेतला, आतला काळा कण नखावर धरून उजेडात पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. 

"माझी भूल झाली गं अंजू," त्या म्हणाल्या. "साल राहिली या वेळी. आता म्हातारी झाले मी." आणि डबा पदराखाली घेऊन निघून गेल्या.

 त्या दिवसापासून अंजूचं तिकडे जाणं बंद झालं. ती माझ्या ताटातलं खायची, माझ्याशी बोलायची. मला हवं होतं ते मिळालं होतं. सविताबेन मात्र दिसल्या की पूर्वीसारख्याच, "केम मीनाबेन, ड्यूटी?" त्यांनी एकदा तरी टोमणा मारावा म्हणून मी वाट बघायची. त्यांनी मारला नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

गेल्या थंडीत त्या शहरातच अकोट्याला मुलाकडे वारल्या. अंजू आता शाळेत खेळ शिकवते. आम्ही दोघी त्यांच्या मुलाला भेटायला जाऊन आलो. परतताना रिक्षात मी तिला सगळं सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "आई, मला त्याच सकाळी कळलं होतं. मावशीची एक वडी कधी सरळ असायची का? त्या चौकोनी होत्या."

"मग खाल्ल्यास कशाला?"

"तू केल्या होत्यास म्हणून."

 मी म्हणाले, "आणि सविताबेनकडे जायचं सोडलंस ते?"

"सोडलं कुठे? तू ड्यूटीवरून यायच्या आत जाऊन यायचे, अगदी लग्नापर्यंत. मावशीच म्हणायची, आईला कळू देऊ नको, तिचा जीव खूप गुंतलाय तुझ्यात."

 पदवी माझी, मुलगी माझी, चूकही माझी. ती पोटात ठेवून त्या दोघी एवढी वर्षं त्या ओट्यावर बसून हसत होत्या, आणि ड्यूटीवरून येऊन पलीकडच्या स्वयंपाकघरात मी मूग मोजत होते. सविताबेन गेल्या. त्यांच्याबद्दल चांगलंच लिहायचं ठरवलं होतं, ते लिहिलंय. पण हेवा अजून गेलेला नाही.