लिंबू चोळलेले हात

त्या वर्षी ठाण्यात आमच्या मंडळाने फुकट कॉम्प्युटर वर्ग काढला, आणि शिकवायला कोण, तर मी! पहिल्याच रविवारी एक कोळीण रिकामी टोपली बाहेर ठेवून दारातच थबकली.

"हातांना लिंबू चोळून आलेय. तरी वास येल. चालंल का?"

"अहो, या, बसा!"

माझे पदवीधर विद्यार्थी माउस गच्च दाबून धरायचे आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायचा. तिने माउस मागच्या बाजूने, बोटांत अलगद धरला. बाण हवा तिथे जाऊन थांबला! मी उडालोच.

"चिंबोरी अशीच धरतात," खेकडा पकडल्यासारखी बोटं दाखवत ती म्हणाली. "घाबरून दाबली का चावते."

मग मी सगळ्यांना तेच सांगू लागलो, चिंबोरी धरा!

पुढच्या रविवारी दाराबाहेर पाच टोपल्या होत्या, आणि आत खोलीभर लिंबाचा वास.