शैलाताईंनी बंद केलेली डबी

‘भोयेला काढा,’ प्रधान साहेब म्हणाले. ‘नाशिकच्या तक्रारी आपोआप थांबतील.’

‘कशावरून?’ मी विचारले.

‘सोनवणे, तुमच्या गंगापूर रोडवर रोज नेट बंद पडतं. लोक फोन करतात. भोयेची माणसं जातात आणि कळवतात, दोष आढळला नाही. म्हणजे एकतर ती जातच नाहीत, नाहीतर गेल्यावर त्यांना काही कळत नाही. दोन्हींवर इलाज एकच.’

प्रधान साहेब आमच्या इंटरनेट कंपनीचे जनरल मॅनेजर होते. ते मुंबईत बसत. मी नाशिक शाखेच्या नेटवर्कचा प्रमुख होतो. यशवंत भोये हा माझा लाइन सुपरवायझर, मूळचा सुरगाण्याकडचा. केबलसाठी चर खणायला म्हणून तो शहरात आला आणि पाहता पाहता केबलचे जॉइंट करायला शिकला. हे संभाषण चालू असताना तो केबिनबाहेरच उभा होता. आमच्या केबिनची भिंत प्लायवुडची होती, त्यामुळे त्याला सगळे ऐकू गेले.

‘मला महिनाभर द्या,’ मी म्हणालो. ‘दोष त्याचा निघाला तर मी स्वतः त्याला काढतो.’

‘महिना दिला. नंतर मात्र वाद घालायचा नाही.’

वाद न घालण्याचे वचन मी कोणालाही कधी दिलेले नाही. तेव्हाही दिले नाही.

ही हकीकत लिहायला बसण्याचे कारण सांगतो. आमच्या जुन्या सहकाऱ्यांचे मेळावे भरतात. तिथे केळकर नावाचे गृहस्थ हा प्रसंग दरवेळी सांगतात. ते त्या काळी मुंबईच्या कार्यालयात आकडेवारीचे काम पाहत. त्यांच्या कथेनुसार लोकांच्या घरी यंत्रे ठेवण्याचा माझा प्रयोग फसला, कारण ‘घरातल्या बायकांनी यंत्रे बंद करून ठेवली’. आणि तरीही उरलेल्या आकड्यांवरून केळकरांनी दोष शोधून काढला. लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. ही कथा चुकीची आहे, आणि चुकीची असण्यापेक्षाही ती कृतघ्न आहे.

घडले ते असे. नव्या शतकाची ती पहिली काही वर्षे होती. घरोघरी ब्रॉडबँड नुकतेच पोहोचू लागले होते. आमची केबल एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर जाई. प्रत्येक इमारतीत जिन्याखाली एक पेटी असे. तिला स्विच म्हणतात. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. एका तारेतून आलेले इंटरनेट अनेक घरांना वाटून देणारी ती पेटी. ती इमारतीच्याच विजेवर चाले. इमारती साखळीसारख्या जोडलेल्या असल्यामुळे मधली एक पेटी बंद पडली की पुढच्या सगळ्या इमारतींचे नेट बंद.

मुंबईच्या कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर यातले काहीही दिसत नसे. तिथली यंत्रणा फक्त आमच्या नाशिकच्या कार्यालयापर्यंत पाहू शके. जिन्याखालच्या पेट्या स्वस्तातल्या होत्या. स्वतःची खबर कळवण्याची सोय त्यांच्यात नव्हती. पडदा कायम हिरवा, म्हणजे सगळे ठीक. हिरवा पडदा पाहणाऱ्या माणसाला तक्रार करणारा ग्राहक खोटा वाटतो आणि लाइनमन त्याहून खोटा.

मी ठरवले, मोजमाप ग्राहकाच्या घरातूनच करायचे. ग्राहकांनी परत केलेले काही छोटे राउटर आमच्या कपाटात पडून होते. त्यांत मी एक साधा प्रोग्राम घातला. साबणाच्या डबीएवढे ते यंत्र ग्राहकाच्या घरी लावून ठेवायचे. ते सतत आमच्या कार्यालयाला हाक मारणार आणि ‘ओ’ येते का, किती वेळात येते, हे टिपून ठेवणार. आमच्या भाषेत याला पिंग म्हणतात. आम्ही त्या यंत्राला डबीच म्हणू लागलो.

आता प्रश्न होता, डबी ठेवून कोण घेणार? ज्यांच्या घरी ती ठेवायची, ते सगळे आमच्यावर संतापलेले होते. मी कोणालाही बिलात सवलत देऊ केली नाही. सवलत घेणारा माणूस आपल्याला हवे ते सांगतो, असा माझा अनुभव आहे. मी घरोघर जाऊन विनंती केली.

एका वकीलसाहेबांनी माझी उलटतपासणीच घेतली.

‘मी नेटवर काय पाहतो, ते या डबीला कळणार?’

‘नाही. ती फक्त हाक मारते.’

‘कोणाला?’

‘आमच्या ऑफिसला.’

‘आणि तुमचं ऑफिस ओ देतं? आम्ही फोन करतो तेव्हा तर देत नाही.’

वकीलसाहेब स्वतःच हसले आणि म्हणाले, ‘ठेवा. पण भिंतीला खिळा मारायचा नाही.’

वकीलसाहेबांच्या घरी कामासाठी इन्व्हर्टर होता. त्यांची डबी त्यावर लावली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. केळकर तो सांगत नाहीत.

त्यांच्या अलीकडच्या इमारतीत सौ. शैलाताई देवरे राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, सटाण्याकडच्या. भोयेबद्दल सर्वांत जास्त फोन त्यांचेच यायचे. त्यांचा मुलगा परदेशी होता आणि संध्याकाळी त्याच्याशी बोलणे चालू असतानाच नेट जाई. तरीही त्यांनी दिवाणखान्यातल्या शोकेसवर डबीसाठी जागा करून दिली. ‘तुमची वस्तू आहे, नीट सांभाळीन,’ एवढेच म्हणाल्या. अशी बरीच घरे मिळाली. वीज त्यांची, जागा त्यांची, प्लगही त्यांचाच. नेटवर्क मात्र आमचे, आणि तेही धड न चालणारे. त्या लोकांचे उपकार मी आजही मानतो.

आकडे मुंबईला केळकरांकडे जाऊ लागले. महिना सरत आला तेव्हा त्यांचा फोन आला.

‘सोनवणे, तुमचा डेटा निम्मा बाद आहे. लोक डब्या बंद करतात. देवरेबाईंची तर रोज सकाळ-संध्याकाळ बंद असते. मी ते सगळं काढून टाकलं.’

‘आणि वकिलांची?’

‘ती चालू असते. तिला मधूनच ओ मिळत नाही. म्हणजे लाइन तुटते. म्हणजे जॉइंट खराब. म्हणजे तुमचा भोये.’

मी फोन ठेवला. भोये समोरच होता. त्याला काही सांगण्याची गरज पडली नाही.

‘साहेब, जॉइंट पक्के हायेत,’ तो म्हणाला. ‘मी सोता केलेत. आम्ही जातो तवा समदं चालूच असतंय. नाय ते कसं लिहू?’

‘मला ठाऊक आहे.’

‘तुम्हाला ठाऊक हाय. त्यांना नाय ना.’

मला राग आला होता, आणि खरे सांगायचे तर तो शैलाताईंवरही होता. नीट सांभाळीन म्हणाल्या आणि रोज दोनदा बंद? मी भोयेला बरोबर घेतले आणि थेट त्यांच्या घरी गेलो. डबी शोकेसवर होती. तिच्यावर विणलेला रुमाल होता.

‘ताई, यंत्राला हवा लागते,’ मी म्हणालो.

‘धूळही लागते,’ त्या म्हणाल्या. ‘बसा. चहा टाकते.’

चहा आल्यावर मी विषय काढला. ‘ही डबी रोज बंद का करता?’

त्यांना माझा सूर आवडला नाही. ‘बंद नको करू तर काय, जाळू? पाणी आलं की खाली मोटार लावतात. दिवे असे पिवळे पडतात. मग मी फ्रिज बंद करते, टीव्ही बंद करते. फ्रिज आमचा आहे, जळाला तर जळाला. डबी परक्याची. तिला सगळ्यांच्या आधी बंद करते.’

मी कप खाली ठेवला. भोये उठून उभा राहिला होता.

ज्यांना नाशिकच्या तेव्हाच्या सोसायट्या ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. नळाचे पाणी ठरावीक वेळी येई आणि जमिनीखालच्या टाकीत पडे. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटार लावावी लागे. मोटार सुरू होताना जोरात वीज ओढते. जुन्या, बारीक वायरिंगच्या इमारतीत तेवढ्यापुरता विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली पडतो. आमचा स्विच जिन्याखाली मोटारीच्याच बोर्डावर जोडलेला होता.

खाली गेलो. संध्याकाळचे पाणी नुकतेच आले होते. वॉचमनला मोटार लावायला सांगितली. मोटार घुमली आणि आमच्या पेटीवरचे हिरवे दिवे एकदम विझले. काही क्षणांनी एकेक करून परत लागले. पेटी पूर्ण जागी व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ शैलाताईंची इमारत आणि तिच्यापुढची वकीलसाहेबांची, दोन्ही बंद. टाकी भरेपर्यंत मोटार चार वेळा चालू-बंद झाली की चार वेळा तेच. भोयेची माणसे पोहोचेपर्यंत टाकी भरलेली, मोटार शांत, दिवे हिरवे. दोष आढळला नाही! त्यांनी खरे तेच लिहिले होते.

मी तिथूनच केळकरांना फोन लावला. ‘देवरेबाईंची डबी बंद असण्याच्या वेळा आणि वकिलांना ओ न मिळण्याच्या वेळा शेजारी-शेजारी ठेवून पाहा.’

‘बाईंच्या वेळा मी काढून टाकल्यात.’

‘परत घाला.’

त्यांनी घातल्या. दोन्ही वेळा जुळल्या. केळकर आज म्हणतात की दोष वकिलांच्या डबीने दाखवला. इन्व्हर्टरमुळे चालू राहिलेल्या वकिलांच्या डबीने लाइन तुटते एवढेच दाखवले, आणि त्यावरून केळकरांनी एका निरपराध माणसाला दोषी ठरवले होते. ती का तुटते, हे शैलाताईंच्या बंद डबीने सांगितले.

आम्ही निघताना शैलाताईंनी विचारले, ‘एवढी घाई कसली होती तुम्हाला?’

मी भोयेची गोष्ट सांगितली. त्यांनी त्याच्याकडे पाहिले.

‘अगं बाई! याची नोकरी? अहो, मी तक्रार नेटची केली होती, माणसाची नाही.’

प्रधान साहेबांनी आकडे मान्य केले नाहीत. ‘योगायोग असेल,’ ते म्हणाले. ‘मी परवा नाशिकला येतोय, भोयेचं तेव्हाच संपवू.’ मी म्हणालो, अकरा वाजता गंगापूर रोडला या, डोळ्यांनी पाहा. पण अकरा वाजता मोटार कशी लावणार? पाणी सकाळी लवकर आणि मग थेट संध्याकाळी येते, टाकी सकाळीच भरते, आणि भरलेल्या टाकीत मोटार लावता येत नाही. ही अडचण मी शैलाताईंना सांगितली. ‘ते माझ्याकडे सोडा,’ त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या इमारतीने सकाळी मोटार लावलीच नाही. शैलाताईंनी घरोघर जाऊन सांगितले होते. लोकांनी बादल्या भरून ठेवल्या. अकरा वाजले, बारा वाजले. प्रधान साहेबांची गाडी कसाऱ्याच्या घाटात अडकली होती. वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले. भांडी तशीच राहिली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली येऊन ओरडले, ‘अहो, लावा की आता मोटार! कोण कुठला साहेब!’

शैलाताई जिन्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ‘साहेब येईपर्यंत मोटार लागणार नाही. या माणसाच्या घरची चूल पेटण्याचा प्रश्न आहे. तुमची आंघोळ उद्या करा.’

भोये खाली मान घालून उभा होता. ‘ताई, राहू द्या,’ तो म्हणाला. ‘लोकांना लय तरास होतोय.’

‘तू गप्प बस रे.’

साहेब आले तेव्हा एक वाजून गेला होता. घामाघूम झाले होते. आल्या आल्या म्हणाले, ‘जरा पाणी मिळेल का प्यायला?’

‘आता मिळेल,’ शैलाताई म्हणाल्या. ‘साहेब, ते तुमच्यासाठीच थांबलंय.’ आणि वॉचमनला म्हणाल्या, ‘लाव रे.’

मोटार घुमली. पेटीवरचे दिवे विझले. पुढच्या इमारतीतून वकीलसाहेबांचा फोन आला, ‘गेलं!’ प्रधान साहेब त्या विझलेल्या दिव्यांकडे पाहत राहिले. त्यांनी मोटार दुसऱ्यांदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा सांगितली नाही.

‘उपाय?’ त्यांनी मला विचारले.

‘प्रत्येक पेटीला छोटी बॅटरी. दाब पडला तरी ती चालू राहील.’

‘बसवणार कोण?’

मी भोयेकडे बोट दाखवले. साहेबांनी मान हलवली. भोयेला काढण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. त्याने सगळ्या गंगापूर रोडवर बॅटऱ्या बसवल्या आणि पुढे निवृत्तीपर्यंत त्याच नोकरीत राहिला. बॅटऱ्यांचे काम संपल्यावर तो सुरगाण्याहून नागलीच्या पापडांची पिशवी घेऊन शैलाताईंकडे गेला. त्यांनी ती ठेवून घेतली आणि इमारतीत घरोघर वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सर्वांत आधी.

मुंबईच्या अहवालात श्रेय केंद्रीय यंत्रणेला मिळाले. मला त्याची फिकीर नव्हती. पण ज्या इमारतीने एका लाइनमनसाठी दुपारपर्यंत कोरडे नळ सोसले, तिच्यातल्या बायकांनी ‘प्रयोग फसवला’ असे कोणी माझ्यादेखत म्हटले, तर मी उठून उभा राहतो आणि ही सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतो. मेळाव्यात त्यामुळे जेवायला उशीर होतो, अशी तक्रार आहे.

धंद्यातल्या नव्या मंडळींना एकच सांगणे. आकड्यांत रिकामी जागा दिसली तर ती पुसण्यापूर्वी त्या घरी जाऊन चहा घ्यावा. केळकरांनी घेतला नव्हता.